दसऱ्यानंतर वर्ग सोडून जाणाऱ्या मुली

बालाघाट

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका हायस्कूलला मी मराठी आणि इतिहास शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही. आजूबाजूच्या कुठल्याही हायस्कूलचं हजेरीपत्रक उघडलं तरी हेच दिसेल.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. निर्णय चांगला आहे, त्याबद्दल माझा काहीच वाद नाही. पण ज्या मुलींसाठी माझा जीव तुटतो त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचतच नाहीत. त्यांची शाळा आठवी-नववीत सुटते, आणि ती फीपायी सुटत नाही. मुलींना बारावीपर्यंत फी आपल्याकडे कित्येक वर्षांपासून नाहीच.

सुटते ती ऊसतोडीपायी. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचल कमी. उचल पावसाळ्यातच घरात आलेली असते आणि बहुतेक वेळा खर्चही झालेली असते: दवाखाना, जुनं देणं, बहिणीचं लग्न. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, गाव रिकामं. राज्यात आठ-दहा लाख माणसं अशी जातात असा अंदाज नेहमी सांगितला जातो.

आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा विचार करा. आई-बाप सहा महिने बाहेर. तिला ठेवायचं कुणापाशी? म्हाताऱ्या आजीपाशी ठेवलं तर आईला कोपीवर, म्हणजे तोडणीच्या रानातल्या झोपडीत, झोप लागत नाही. बरोबर नेलं तर ती स्वयंपाक करते, पाणी भरते, धाकटं सांभाळते आणि दुसऱ्या वर्षापासून मोळ्या बांधायला लागते. दुसरीकडे वीस-एकवीसचा एखादा पोरगा अर्ध्या कोयत्यावर अडलेला असतो. त्याच्या घरच्यांनाही पूर्ण कोयता हवा असतो. दोन्ही घरांची अडचण एका लग्नात मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं होतं, तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. राज्यात सुमारे २२ टक्के बायकांनी हो सांगितलं. बीडमध्ये हाच आकडा जवळजवळ ४४ टक्के.

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. म्हणजे मुलीच्या हाताला मोल यायला लागतं त्याच वर्षी कायदा तिचा हात सोडतो. नववीत ती आली नाही तर विचारायला कुणी बांधील नाही. मी घरी जाते, इतर शिक्षकही जातात, पण ते आमच्या मनावर.

ज्या परत येतात त्या एप्रिलमध्ये येतात. पाचटाने बोटं आणि मनगटं चिरलेली असतात, कोयत्याच्या मुठीने तळव्याला घट्टे पडलेले असतात. अशी मुलगी चाचणी परीक्षेला बसते तेव्हा पहिलं पान होईपर्यंत तिचा हात भरून येतो. तिला बीजगणित येत नाही म्हणून 'कच्ची' असा शेरा मारणं मला जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. या मुलींसाठी एकच योजना आधी हवी: गावाजवळ, बाईमाणसाच्या देखरेखीखालचं, दसऱ्यापासून पट्टा पडेपर्यंत एकही दिवस बंद न राहणारं वसतिगृह, आणि तेही नववी ते बारावीसाठी. बाकीच्या योजना त्यानंतर. तुमच्या भागात काय आहे, काय चालतंय, काय नाही, ते कृपया लिहा.

अंजिरी

वाचतेय. पुण्यात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, ताई.

पंचगंगा

बालाघाट ताई, आम्ही तुमच्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहोत. शिरोळ तालुक्यात आमचा ऊस आहे, आणि आमच्या रानात येणाऱ्या टोळ्या बीड, जालना, परभणीकडनंच येतात.

पहाटे चारला फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसात, बॅटऱ्या दिसतात. कोपीवर मागं राहत्यात त्या पोरी. आमच्या मोटरीवर पाणी भरायला येणारी पोरगी बारा-तेराची, कडेवर भाऊ. दुपारी ती वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून रस्त्याकडेला विकायला बसते. ते पैसे म्हणजे टोळीचा रोजचा भाजी-तेलाचा खर्च. आमच्या गावची शाळा तिथनं चालत दहा मिनिटांवर. गुरुजी येतात, नावं लिहून नेतात, चार दिवस पोरं जातात, मग फड दुसऱ्या शिवारात हलतो आणि संपलं.

आमच्या दुधाच्या डेअरीला, पतसंस्थेला, कॉलेजला ज्या उसानं पैसा दिला तो ऊस या पोरींच्या आई-बापानं तोडलाय. माझी मुलगी कोल्हापूरला बी.एस्सी.ला आहे. हे हिशोब एकमेकांना लागून आहेत असं मला वाटतं, आणि आमच्याकडच्या सभांत हे कुणी बोलत नाही. जानेवारी २०२४ ला तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा आमच्याकडं आरडाओरड झाली. पण एक कोयता दिवसाला कसाबसा दोन टन तोडतो, आणि त्यात चार तोंडं खातात.

सडेतोड_नगरकर

विषय महत्त्वाचा आहे, पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, पोरींना तोडीला नेणारे त्यांचेच आई-बाप आहेत. लग्न लावणारेही तेच. सगळं सरकारवर ढकलून पालकांची जबाबदारी संपते का? दोन, आता कुणीतरी यात जात आणेलच, म्हणून आधीच सांगतो. आमच्या भागातून मराठा, माळी, धनगर सगळे तोडीला जातात. माझ्या चुलत्यांनी कोयता धरलाय. हा गरिबीचा प्रश्न आहे. गरिबी हटली की पोरी शिकतील.

तांड्यावरची

दादा, मी बंजारा आहे आणि आज परिचारिका म्हणून नोकरी करते. चौथीपासून आई-बापाबरोबर तोडीला गेलेय, म्हणून उत्तर देते. राग मानू नका.

तुमच्या चुलत्यांच्या घरी मागं कुणीतरी राहत असणार. आजी, एखादी काकू, दोन म्हशी, पाण्याखालचा एक तुकडा. पोरगी त्यांच्यापाशी राहू शकते. आमचा तांडा दसऱ्यानंतर अख्खा उठायचा. कुलपं लावलेली घरं आणि चालता न येणारी दोन-चार म्हातारी माणसं, बस. मला ठेवायला कुणी नव्हतंच. जमीन नव्हती, तांड्याला शाळा नव्हती, गावातल्या शाळेत जायला ओढा ओलांडावा लागायचा आणि गावातली पोरं आमच्या भाषेवरून चिडवायची. याला नुसती गरिबी म्हणून कसं भागेल? गरीब तर गावातही होते.

आणि बापाबद्दल म्हणाल तर माझ्या भावाला त्यांनी तालुक्याला खोली करून ठेवलं होतं. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याची भाकरी करायला मला ठेवा असं मी म्हणाले होते, पण पोरीला एकटं कसं ठेवणार? घर तेच, गरिबी तीच. तो शिकायला राहिला आणि मी फडात गेले.

एका वर्षी कारखाना कर्नाटकात होता. जवळच्या शाळेतल्या बाईंनी मला प्रेमाने वर्गात बसवलं. फळ्यावर सगळं कानडी. मी सातवीची मुलगी दुसरीच्या पोरांत बसून अक्षरं गिरवत होते. दोन दिवसांनी गेले नाही. त्याच हंगामात मला पाळी आली. फडात आडोसा नसतो. चारी बाजूंनी गडी माणसं, ट्रॅक्टरवाले. आई म्हणाली, पुढच्या वर्षी हिला बरोबर आणायची नाही, लग्न करून टाकू. तिचा हेतू वाईट नव्हता. तिला माझी काळजी मिटवायची होती, आणि तिच्या माहितीत तो एकच मार्ग होता.

मामाने हट्ट धरला आणि मला विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळेत टाकलं. आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा तिने पुस्तकं, वर्ग काही पाहिलं नाही. दाराला आतून कडी आहे का ते पाहिलं, संडास किती लांब आहे ते चालून पाहिलं, आणि रात्री मुक्कामाला बाई असते का ते विचारलं. तिन्ही ठीक होतं म्हणून मी दहावी झाले. पुढे नर्सिंग केलं. माझ्याबरोबर पाणी भरणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मामा नव्हता. तिची मुलगी आज लग्नाची झाली, असं तिच्या घरचे म्हणतात. मुलगी सोळाची आहे.

सडेतोड_नगरकर

ताई, राग कशाला मानू. मुलगा-मुलगी हा भेद आमच्या भावकीतही पाहिलाय, त्यावर बोलायला जागा नाही. तांडा अख्खा उठतो हे मात्र मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं.

तरी माझा प्रश्न राहतोच. वसतिगृहांची घोषणा झालेली आहे ना? मग ती चालत का नाहीत?

निवृत्त_केंद्रप्रमुख

या विषयात नोकरीची बरीच वर्षे गेली, म्हणून थोडी व्यवस्था समजावून सांगतो.

शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदे मिळणार हे, वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत आले. मुले जातात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे ज्या दिवशी पट मोजायचा त्या दिवशी मूल वर्गात असते आणि कागदावर ते वर्षभर राहते. मूल 'स्थलांतरित' दाखवले तर पट घसरण्याची धास्ती, न दाखवले तर ते शोधण्याची गरज कुणालाच नाही. यात कुणा एका शिक्षकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. मोजणीच अशी आहे की जाणारे मूल तिला दिसत नाही.

पूर्वी कारखान्यांच्या परिसरात तोडणी मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा होत्या. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो आल्यावर जवळच्या नियमित शाळेत मूल दाखल करावे असे धोरण आले. विचार बरोबर होता, पण बऱ्याच साखरशाळा बंद झाल्या आणि नियमित शाळा फडाच्या मागे चालत जाऊ शकत नाही. मग शिक्षण हमी कार्ड आले. गावच्या शाळेने ते भरून पालकाच्या हाती द्यायचे आणि जिथे जातील तिथल्या शाळेने त्यावर प्रवेश द्यायचा. टोळी निघते रात्री, कारखाना कोणता ते मुकादमाला ठाऊक. कार्ड गावच्या कपाटात राहून गेल्याचे मी स्वतः पुष्कळदा पाहिले आहे.

तिसरे, हंगामी वसतिगृह. याला वसतिगृह म्हणतात, पण पुष्कळ ठिकाणी मूल झोपते नातेवाइकांकडे आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवते. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. आजी असलेल्या मुलाला याचा मोठा आधार झाला, हे मी खात्रीने सांगतो. पण ते आठवीपर्यंतच. तांड्यावरच्या ताईंनी सांगितले तसे मागे कुणीच नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि निधी हंगाम अर्धा सरल्यावर आला तर तोवर मूल फडात पोचलेले असते.

आपण विचारलेली घोषणा म्हणजे २०२१ ची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. ऊसतोड कामगारांची संख्या मोठी असलेले ४१ तालुके, प्रत्येकी एक मुलांचे आणि एक मुलींचे, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जागा. पैशांची सोय म्हणून कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. आता हिशोब पाहा: सगळी ८२ भरली तरी ८,२०० मुले, त्यांत मुली ४,१००. पहिल्या टप्प्यात बीड, नगर आणि जालना मिळून वीसच घेतली होती, आणि सुरुवात भाड्याच्या इमारतींतून.

बालाघाट

सर, ३० सप्टेंबरचा मुद्दा तुम्ही फार नेमका मांडलात. आमच्या शाळेत तो रोजचा आहे आणि तरी त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी असा तीनदा पट घ्या, गेलेल्या मुलांमागे शाळेची पदं कापू नका, आणि कोण कुठल्या कारखान्यावर गेलं एवढंच लिहा. याला नवीन इमारत लागत नाही.

भाड्याच्या इमारतीबद्दल: एका तालुक्याच्या गावी मुलींचं असं वसतिगृह बाजाराच्या रस्त्यावर, खाली दुकानं आणि वर खोल्या, असं होतं. जिना बाहेरून. पालक बघून परत गेले. जागा रिकाम्या राहिल्या आणि मग 'मागणी नाही' असा अहवाल गेला. मागणी होती. जिना चुकीच्या बाजूला होता.

इतिहासवेडी

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही आणि याचं उत्तरही नवं नाही, म्हणून थोडं मागे जाऊन लिहिते.

१८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वय साधारण चौदा. आज ज्या वयात बालाघाट ताईंच्या वर्गातली मुलगी फडात जाते त्याच वयात मुक्ता धर्म, राज्यकर्ते आणि तिच्या जातीतल्या बाळंतिणींचे हाल यांवर लिहीत होती. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा अशी मागणी आहे, आणि शेतकऱ्यांच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो अशी तक्रारही. पंचगंगा यांनी वर उसाचा जो हिशोब मांडला तो मला याच रांगेतला वाटला.

पुढचा धडा शाहू महाराजांचा. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभी केली. खेड्यातला मुलगा शहरात राहील कुठे हा प्रश्न सुटल्याशिवाय शाळा उघडून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं. महाराष्ट्रात बहुजन समाज शिकला तो वसतिगृहांतून. ही आपली हातची विद्या आहे.

पण त्या वसतिगृहांत राहिले ते बहुतेक मुलगे. मुलींच्या निवासी शिक्षणाची दुसरी धारा पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनापासून (१८८९) कर्व्यांच्या हिंगण्यापर्यंत येते. तिचं मोल फार मोठं आहे, पण शारदा सदन आणि हिंगणे सुरू झालं ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. खेड्यातली भूमिहीन घरातली मुलगी या दोन्ही धारांच्या मधल्या कोरड्या जागेत राहिली. अपवाद होते. नागपुरात जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये दलित मुलींसाठी शाळा काढली. जाईबाईंचं नाव पाठ्यपुस्तकांत ठळक यायला हवं.

आजच्या योजनांतही मला तीच जागा रिकामी दिसते. डॉ. आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत. उत्तम योजना, पण अकरावीपासून पुढे. फीमाफी बारावीनंतर. आणि खालच्या टोकाला पाहा: पहिली ते चौथीच्या दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त मुलींसाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला, रोज एक रुपया. पुढे दशकं उलटली तरी रुपयाचा दीड रुपया झाला नाही. हा रुपया त्या मुलीची किंमत सांगत नाही, आपली सांगतो.

घाटावरून

इतिहासवेडी, सुंदर प्रतिसाद. जाईबाईंबद्दल स्वतंत्र धागा काढा ना.

खाडीपलीकडे

मी कॅलिफोर्नियात शाळेत काम करते, सहायक शिक्षिका म्हणून. इथे स्ट्रॉबेरी, लेट्यूस तोडायला येणाऱ्या कुटुंबांची मुलं आमच्या शाळेत येतात, जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची. इथे शेतमजुराच्या मुलाचा रंग आणि आडनाव आधी दिसतं, आपल्याकडे तांडा आणि वस्ती. त्यामुळे हा धागा वाचताना मला परका वाटला नाही.

इथला एक खटला सांगण्यासारखा आहे. ऑरेंज काउंटीत १९४० च्या दशकात मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. मेंडेझ कुटुंबातल्या मुलांना त्यांची आत्या जवळच्या चांगल्या शाळेत घेऊन गेली. आत्याची स्वतःची मुलं गोरी, आडनाव फ्रेंच वाटणारं, त्यांना प्रवेश दिला. सिल्व्हिया मेंडेझ आणि तिचे भाऊ सावळे, त्यांना नाकारला. एकाच घरातली भावंडं! वडील कोर्टात गेले आणि १९४७ मध्ये अपिलातही जिंकले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळांतली वेगळी वागणूक देणारे कायदे रद्द केले. त्यावर सही करणारे गव्हर्नर अर्ल वॉरन पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले आणि शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राऊन खटल्याचा प्रसिद्ध निकाल त्यांनीच दिला. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून आपण एकमेकांकडे पाहतोच आहोत.

बालाघाट ताईंना उपयोगी पडेल असं एक सांगते. १९६६ पासून इथे स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा वेगळा निधी आहे. त्याची वयोमर्यादा एकवीस वर्षांपर्यंत आहे. चौदाव्या वर्षी हात सोडत नाहीत. मुलाने कुठे किती शिकलं, कुठल्या लसी घेतल्या, ही नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संगणकावरून जाते. पालकाला कागद सांभाळत फिरावं लागत नाही.

सगळं छान आहे असं नाही. इथल्या सरकारी मजूर वसाहती हंगामापुरत्या उघडतात. वसाहत बंद झाल्यावर काही महिने पन्नास मैलांच्या बाहेर राहून आल्याशिवाय पुढच्या वर्षी जागा मिळत नसे. शाळा चालू असताना मुलं उठायची. मजूर आई-बापांनी वर्षानुवर्षं हे मांडलं तेव्हा कुठे २०१८ मध्ये शाळकरी मुलं असलेल्या काही कुटुंबांना त्यातून सूट मिळाली.

पंचगंगा

ही एकवीस वर्षांची गोष्ट आमच्या आमदारांना पाठवतो. आणि एक विचारतो. कारखाना तोडणी यंत्रणेचा करार करतो तेव्हा टोळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव, आधार, बँक सगळं लिहून घेतो. मग त्याच यादीत पोरांची नावं आणि इयत्ता लिहायला काय अडचण आहे? ती यादी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला गेली तर गुरुजींना कोप्या हुडकत फिरायला नको. मी सभासद आहे. वार्षिक सभेत हा विषय लेखी देणार.

निवृत्त_केंद्रप्रमुख

अवश्य द्या. फड हलला की टोळीचे नवे ठिकाण कारखान्याच्या शेतकी गटऑफिसला त्याच दिवशी कळते. शिक्षण खात्याला ते कधीच कळत नाही. एवढा दुवा जुळला तरी आठवीपर्यंतच्या मुलांचे पुष्कळ काम होईल.

तांड्यावरची

यादी होऊ द्या, पण मोठ्या पोरींचा प्रश्न फडाजवळच्या शाळेने सुटणार नाही. नववीची मुलगी फडावर आली की ती कामाचा हात आहे. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी बुडते आणि वर दंड कापतात. आई आजारी पडली तर कोयता पोरीच्या हातात जातो. तिला फडावर न्यायचीच वेळ येऊ नये, हेच खरं. म्हणून बालाघाट ताईंचं वसतिगृह.

आणि त्यात एक भर घाला. पहिल्या महिन्यात आईला तिथे दोन रात्री राहू द्या. निघायच्या आधी. तिने स्वतः तिथे झोपून पाहिलं की ती मुलीला ठेवते. आमच्या आश्रमशाळेत शिपाईमावशी आयांना अशा ठेवून घ्यायच्या, नियमात नसताना. ज्यांच्या आया राहून गेल्या त्या मुली मधेच पळून घरी गेल्या नाहीत.

सडेतोड_नगरकर

हे आवडलं. आमच्या तालुक्यातलं वसतिगृह या आठवड्यात बघून येतो. जिना कुठल्या बाजूला आहे आणि रात्री बाई असते का, ते इथे लिहितो. जागा रिकाम्या असतील तर तेही लिहितो.

अंजिरी

एक विचारायचं आहे. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींची भाची गेवराईकडची. पंधराव्या वर्षी लग्न झालं, आता सतरा पूर्ण, माहेरी परत आलीये. नववी अर्धी झाली होती. दाखला शाळेत अडकलाय, आणि मावशी म्हणतात आता कुठली शाळा घेणार. काही मार्ग आहे का?

निवृत्त_केंद्रप्रमुख

आहे. दहावीला खाजगीरीत्या बसता येते, त्याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. तो राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. दरवर्षी मुदत असते, त्यामुळे मंडळाची सूचना आजच पाहा. राहत्या ठिकाणाजवळचे हायस्कूल संपर्ककेंद्र म्हणून निवडायचे, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत गुण तिथून होतात. मूळ शाळेचा दाखला लागतो, पण तो देणे शाळेला बंधनकारक आहे. मुख्याध्यापक टाळाटाळ करत असतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून भागत नाही.

बालाघाट

अंजिरी, गेवराई म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. मुलगी आणि तिची आई तयार असतील तर मला व्यक्तिगत निरोपातून गाव कळवा, इथे उघड लिहू नका. दाखल्यासाठी मी त्यांच्याबरोबर शाळेत जाईन. गणित-विज्ञान शिकवायला आमच्याकडच्या दोघी शिक्षिका तयार आहेत, पुस्तकांचं मी बघते. सासरचे पुन्हा न्यायला आले तर काय करायचं तेही आधी बोलून ठेवू. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर आईच्या फोनमध्ये टाकून द्या, आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावातल्या ग्रामसेवकाची जबाबदारी आहे हे तिला सांगा.